बोरमाळचा राजपथ

कोणत्याही राष्ट्राला राजधानी लागते आणि राजधानीला सरळ रस्ता लागतो. वाकड्या रस्त्यानंही कारभार चालतो, पण तो चाललेला लांबून दिसत नाही. हे तत्त्व दिल्ली वसवणाऱ्यांना आधी कळलं आणि त्यांच्यानंतर, बहात्तरच्या दुष्काळात, आमच्या बोरमाळला.

बोरमाळ औंधच्या पूर्वेला. घरं एकशे अकरा, बैलगाड्या सहा (दोन बिनचाकी), विहिरी पाच, पाणी असलेली एक. ती हरणाबाईची. नवरा पलटणीत गेला तो परत आला नाही, मूलबाळ नाही, सासऱ्यानं खणलेली ही विहीर तेवढी तिच्या नावावर. दुष्काळ पडल्यापासून सगळं गाव तिथंच पाणी शेंदायचं. हरणाबाई काठावर बसायची आणि माणशी दोन घागरींचा नियम चालवायची. तिसरी घागर बुडवणाऱ्या बाईला ती जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्या बोलण्यावर गाव जगत होतं.

अशात सरकारनं दुष्काळी काम दिलं. सव्वा मैल रस्ता. कुठून कुठं, ते आम्ही ठरवायचं. न्यायच्या लायकीचे सगळे रस्ते शेजारच्या गावांनी आधीच उकरून ठेवले होते. शिवाय अर्जात 'रस्त्याचा उद्देश' असा एक रकाना होता. तो भरेना, म्हणून कमिटी बसली. कमिटीत सरपंच लालासाहेब, पेन्शनीत आलेले सुभेदार जोतीराम आणि मी. (मला नुकतीच सही येऊ लागली होती आणि ती करायला जागा मिळत नव्हती.)

सुभेदारांनी दिल्लीत राष्ट्रपतींच्या दारावर नऊ वर्षं पहारा केलेला.

"लिवा," ते म्हणाले. "दिल्लीच्या धर्तीवर गावाची आखणी. मदोमद राजपथ."

"नऊ वर्सं तितं व्हता," लालासाहेब म्हणाले, "त्या मोठ्या घरात आत काय असतंय वो?"

"आत जायाचा हुकूम न्हवता. भायेरनं समदं पाठ हाय."

त्यामुळं आमच्या राजधानीला बाहेरची बाजू तेवढी आहे. हा दोष मानू नये. बहुतेकांना राजधानी तेवढीच लागते.

अर्ज अकरा दिवसांत मंजूर झाला. (विहीर खोल करण्याचा हरणाबाईचा अर्ज तेव्हा पाचव्या वर्षात होता आणि त्याची प्रकृती चांगली होती.) उद्देशाचा रकाना दुष्काळी कामांवरच्या साहेबांनी तूर्त कोरा ठेवला, कारण एवढ्या मोठ्या कामाचा उद्देश काम झाल्यावर कळतो.

आखणी शास्त्रोक्त केली. दिल्लीत पायाभरणीचे दगड एका जागी बसवले आणि शहर दुसऱ्याच जागी बांधलं, असं सुभेदारांनी सांगितलं. म्हणून आम्हीही कोनशिला तालमीपुढं बसवली आणि काम माळावर सुरू केलं. रुंदी साठ फूट. गावातल्या सगळ्या गाड्या एका ओळीत, बिनचाकीसुद्धा, चालू शकतील अशी. पश्चिमेच्या टोकाला टेकाड हवं होतं. आमच्याकडं माळ सपाट, तेव्हा चारशे बारा माणसांनी सहा आठवडे माती वाहून टेकाड केलं. त्यावर कचेरी बांधली. म्हणजे समोरची भिंत आणि चार खांब. मागं काही नाही, कारण मागचं सुभेदारांनी पाहिलेलं नव्हतं. लालासाहेब त्या भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकून बसू लागले.

या कचेरीचा खरा गुण चढात आहे. दिल्लीतही म्हणे लांबून मोठं घर दिसतं आणि चढ लागला की ते हळूहळू जमिनीत बुडतं. त्यावरून ते बांधणाऱ्या दोन इंजिनियरांत अबोला झाला होता. आमच्यात अबोला झाला नाही. आम्ही चढ आणखी उभा केला. आमची कचेरी मैलावरून स्पष्ट दिसते, अर्ध्या मैलावरून खांबांची टोकं दिसतात आणि पायथ्याला गेलं की आभाळ दिसतं. पायऱ्या मंजुरीत नव्हत्या.

राजपथाच्या मध्यावर गोल चौक आणि त्यात दगडी छत्री, हे शेवटचं कलम. दिल्लीच्या छत्रीत पूर्वी एका इंग्रज बादशहाचा पुतळा होता. तो चार-पाच वर्षांपूर्वी हलवला, छत्री रिकामी उभी आहे. आधी पुतळा आणायचा आणि मग हलवायचा, हा खर्च वाचवून आम्ही सरळ रिकामी छत्री बांधायचं ठरवलं. याकूब गवंड्यानं दोरी धरली, चुन्याची रेघ मारली आणि रेघ हरणाबाईच्या विहिरीत पडली.

हरणाबाई काठावरच होती.

"आवं सुभेदार, माज्या सासऱ्यानं खांदल्याली इर हाय ही. तुमची दिल्ली जरा शेजारनं न्या की."

"हरणाबाई, वीस फूट सरकली तर ती दिल्ली ऱ्हात न्हाई. ती औंधची वाट व्हती."

"आन लोकं पितील काय, छत्री?"

सुभेदारांनी नकाशा दाखवला. नकाशावर नळाची निळी रेघ होती. राजधानीत कोणी पाणी शेंदत नाही.

मग ती अर्ज घेऊन कचेरीकडं निघाली. अर्ज मीच लिहिला होता, रेघेला धरून. भर उन्हात ती राजपथावरून चालत गेली. कचेरी आधी गुडघ्यापर्यंत बुडाली, मग छातीपर्यंत, मग गेली.

"आवं सरपंच! हाय का वर कोन?"

"हाय की! अर्ज घिऊन वर या!"

"वर कुटनं यिऊ?"

"त्ये बी अर्जात लिवा!"

साहेब मात्र खाली उतरून आले. माणूस सज्जन. त्यांनी विहिरीवर जमलेल्या बायकांना समजावून सांगितलं, की रेघ वाकवता येते, अवश्य येते, फक्त नव्यानं मंजुरी आणावी लागते. दोन महिने, फार तर तीन. तोवर काम बंद, मस्टरवरची मजुरी बंद, खायला मिळणारी सुकडी बंद.

गावात कोणाच्याही घरी तीन महिन्यांचे दाणे नव्हते. तीन दिवसांचे असणारी घरंही बोटांवर मोजावीत. विहीर बुजवायचा ठराव सर्वानुमते झाला. माझी सही त्यावर आहे, आणि ती चांगली आली आहे.

दुसऱ्या दिवशी चारशे बारा माणसं पाट्या भरून विहिरीभोवती उभी राहिली आणि कोणीच पहिली पाटी टाकेना. सकाळीच पाणी भरून झालं होतं. मुकादम ओरडून थकला. तेव्हा हरणाबाई उठली. मस्टरवर तिचंही नाव होतं.

"सरा," ती म्हणाली. "माजी हाय, मीच टाकती."

तिनं दोन पाट्या टाकल्या आणि लांब जाऊन बसली. दोनच. नियम तिचाच होता.

आम्ही कोणी दोनवर थांबलो नाही. चार दिवसांत चौदा हजार पाट्या बसल्या. वर छत्री झाली, देखणी झाली, रिकामी आहे. निळी रेघ नकाशावर अजून ओली वाटते.

पुढच्या वर्षी साहेब तपासणीला आले. सकाळची वेळ. राजपथावरून साठ-सत्तर बाया डोक्यावर घागरी घेऊन चालल्या होत्या, रस्ता संपतो तिथून पुढं शेजारच्या वाडीच्या विहिरीकडं. सगळ्यांच्या मागं हरणाबाई. तिथल्या काठावरही एक बाई बसते आणि आमच्या माणसांना एकच घागर देते. साहेबांनी बाया मोजल्या, समाधानानं मान हलवली आणि कोरा रकाना भरला : 'उद्देश – पिण्याचे पाणी. रस्ता वापरात आहे.'

चौदा हजारांत माझ्या पाट्या किती, ते मुकादमाच्या वहीत आहे. ती वही आता माझ्याकडं असते. तुम्ही बिनचाकी गाड्यांना हसलात, कचेरीला हसलात, रिकाम्या छत्रीला तर मोठ्यानं हसलात. आणि त्या छत्रीची रेघ कुठं चालली आहे, हे तुम्हांला आमच्या आधी दिसत होतं. वहीत शेवटी एक ओळ शिल्लक आहे. आमच्यातल्या बहुतेकांनी आपापल्या पाट्यांपुढं अंगठे उठवलेत. तुम्हांला तर सही येते.