औषधांचं गोत्र बघणाऱ्या भोईर सिस्टर

आमच्या सोसायटीच्या गणपतीत प्रसाद वाटायला भोईर सिस्टर उभ्या राहिल्या, की रांग हलत नाही. हातात मोदक धरून त्या प्रत्येकाला विचारतात, "पूर्ण नाव? जन्मतारीख?"

सेक्रेटरी एकदा वैतागले. "सिस्टर, रोज लिफ्टमध्ये भेटतो आपण. मला ओळखत नाही का?"

"वलखते ना. म्हनूनच इचारते. चूक वलखीच्या मानसाशीच व्हते."

मग नाव-तारीख पटवून घेऊन सेक्रेटरींना अर्धाच मोदक मिळाला. त्यांना साखर आहे.

सिस्टर मूळच्या घणसोली गावातल्या. आयुष्यभर नर्सिंगच्या मुलींना औषधं शिकवली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायला आल्या. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी माझा गोळ्यांचा डबा उपडा केला.

तरुणपणी मी गोळ्या रंगावरून ओळखायची. पांढरी तापाची, गुलाबी पित्ताची. डोकं दुखलं की दोन वेगवेगळ्या द्यायच्या, एक नाही तर दुसरी लागू पडेल. स्वतःला अर्धी डॉक्टर समजायची मी. आमचे हे वाचले ते केवळ माझं काहीही न ऐकण्याच्या सवयीमुळे. हे सिस्टरांना सांगितलं, तर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "वैनी, शानं व्हतं तुमचं मानूस."

माझी नात जुई नर्सिंगला. औषधांच्या विषयात एकदा नापास झालेली. पुन्हा झाली तर कॉलेज बंद आणि रबाळ्याच्या कंपनीत पॅकिंगला, असं तिच्या बापाने, म्हणजे माझ्याच चिरंजिवांनी, जाहीर केलेलं. पोरगी दिवसभर डोळे मिटून औषधांची नावं घोकायची. समोरच्या दारातून सिस्टरांना ते ऐकवेना. आत आल्या आणि पुस्तक मिटलं.

"गो, ह्यो काय मंत्र हाय? नावं घोकू नको, घरानी वलख. मेटोप्रोलोल, अटेनोलोल. शेपूट कंचं?"

"ओलोल."

"हा. ओलोलांची मानसं लई शांत, नाडी हलू करतात. म्हनून गोळी द्यायच्या आदी काय बघायचं?"

"नाडी."

"आनि नाडी आदीच मंद असली तर गोळी हातातच ठेवायची, डॉक्टरला इचारायचं. आता प्रिल शेपटाची, बीपीवरची. ह्यांच्या घरान्यात कोरडा खोकला."

अशी माझ्या डायनिंग टेबलावर सगळी घराणी येऊन गेली. मी चहा करता करता ऐकायची आणि मधे तोंड घालायची. "मग डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन? त्यांची शेपटं काही जुळत नाहीत."

सिस्टरांनी माझ्याकडे प्रथमच कौतुकाने पाहिलं. "आडनाव येगलं, गोत्र एकच. दोगं दुखन्यावरचे, दोगं पोटाला नि मूत्रपिंडाला तापदायक. सगोत्र लावायचं नाय. म्हनून नवी सोयरीक करायच्या आदी घरात कोन कोन हाय, ते पेशंटला इचारायचं."

लेखी परीक्षा पार पडली. वॉर्डातली प्रात्यक्षिक राहिली, ती खारघरच्या एका हॉस्पिटलात. "चला ना आमच्याबरोबर," मी म्हटलं.

"परीक्षा हाय. लगीन हाय का वऱ्हाड न्यायला?" सिस्टरांनी दार लावून घेतलं.

जुई आत गेली, मी बाहेर पायरीवर. ती आली तीच पळत.

"आज्जी, गुडघ्याचे आजोबा होते. डायक्लोफिनॅक द्यायची होती. मी विचारलं, घरचं काही घेता का? तर उशीखालून पाकीट काढलं. सुनेने आणून दिलेली आयबुप्रोफेन. नुकतीच घेतली होती."

"मग?"

"मी म्हटलं, गोळी थांबवते, आधी डॉक्टरांना सांगते. परीक्षक मॅडम म्हणाल्या, वेळ संपतेय, देऊन टाक. मी नाही दिली."

"अगं, मग निकाल काय?"

"त्या बघत होत्या मी घाबरते का. म्हणाल्या, तू माझ्या वॉर्डात असतीस तर मी निर्धास्त झोपले असते. पास, आज्जी."

मी फुगडी घालणार होते, गुडघ्यांनी परवानगी नाकारली. तेवढ्यात समोरच्या बसथांब्यावर ओळखीची निळी छत्री दिसली. छत्रीखाली भोईर सिस्टर. सकाळपासून तिथेच असाव्यात, चेहरा उन्हाने लाल झाला होता.

"तुम्ही इथे?"

"मासली घ्याया आल्ते."

घणसोलीच्या खाडीकाठची बाई मासळीला खारघरला. पिशवी रिकामी. मी मासळीचा भाव विचारला नाही. माझ्या स्वभावाला हे फार जड गेलं.

जुईने सगळं पुन्हा सांगितलं. सिस्टरांनी उलटतपासणी केली. कुठली गोळी, किती वाजता घेतली, डॉक्टरांना कोणत्या शब्दांत कळवलं. शेवटी "बरं" म्हणाल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

रिक्षात जुईला मधे बसवलं. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "परीक्षा होती काय? पोरगी कोणाची?"

"आमची," सिस्टर रस्त्याकडे बघत म्हणाल्या.

'माझी नात' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते मी पाण्याशिवाय गिळून टाकले.