माळवदावरचे स्पीकर

आवाजातलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या परभणी जिल्ह्यात कुणाला कळत न्हाई. ही फुशारकी न्हाई, माहिती हाय. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारे लय झाले, पर ते नुसती चित्रं काढतात. त्यांच्या कॅसेटीत नवरीची माय रडताना दिसती, हुंदका ऐकू येत न्हाई. हुंदका ऐकू आला पाहिजे, तर ती कॅसेट!

म्हणून मी ताडकळसला घरातच एडिटिंगची खोली मांडली होती. दोन व्हीसीआर अन् एक टीव्ही. एकावर सगळं लग्न लावायचं, पाहिजे तेवढं दुसऱ्यावर उतरवायचं, बाकीचं सोडून द्यायचं. अडचण एकच होती. टीव्हीचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यावाणी यायचा.

त्या साली धोंड्याचा महिना आला होता. ज्यांनी नुकत्या लेकी दिल्या होत्या ते समदे जावयाला धोंडे खाऊ घालायच्या गडबडीत. आमच्या गावच्या दिनकररावांच्या पंचफुलाचं लग्न मीच उन्हाळ्यात शूट केलं होतं. आता तिचा नवरा अन् सासरे व्यंकटराव राणीसावरगावहून धोंडे खायला यायचे होते. कॅसेट त्याच दिवशी पाहिजे, असं दिनकररावांनी बजावलं. वर हळूच असंही म्हणाले, की व्यंकटरावांच्या धाकट्या पोराचं लग्न दिवाळीनंतर हाय, त्यांना कॅसेट पसंत पडली तर ती ऑर्डर तुझीच. तालुक्याबाहेर माझं नाव जायचं होतं ते या एका कॅसेटीवर.

मग काय, स्पीकर घ्यायला परभणी गाठली. दुकानदारानं खोली केवढी म्हणून विचारलं. खाट टाकली की संपती एवढी, असं मी सांगितलं. त्यानं दोन चिमुकले डबे पुढं ठेवले. टीव्हीच्या दोन्ही अंगांना कानाच्या उंचीला ठेवा म्हणला, काम झालं. भाव ऐकला अन् मी डबे उचलून बघितले. वजनच न्हाई! आमच्या घरी गहू घेतला तरी आधी पोतं हालवून बघतात. एवढ्या हलक्या मालाला एवढा भाव द्यायला मी काही खुळा न्हाई.

परतताना वाटेतल्या एका गावात कळलं, की तिथल्या तंबू टॉकीजवाल्यानं धंदा बंद केलाय अन् सामान विकायला काढलंय. त्याचे दोन स्पीकर बघितले अन् जीव हरखला. कपाटाएवढे! दोघांना उचलायला जमंना. वर अॅम्प्लिफायर फुकट. मी निम्मा भाव सांगितला, तर तो पठ्ठ्या तोंडातून शब्द पडायच्या आत हो म्हणला. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. बैलगाडीत घालून माल घरी आणला.

पहिलाच सनईचा सूर लावला अन् माळवदाची माती भदाभदा खाली आली. नेमकी मनकर्णाच्या परातीत, मळलेल्या पिठावर. मनकर्णा म्हणजे आमची बायको. ती भांडली न्हाई. या घरात एकतर हे कपाट राहील न्हाईतर मी, एवढंच बोलली. मी विचार करून स्पीकर वर माळवदावर नेले, गावाकडं तोंड करून मांडले अन् झरोक्यातून वायर खाली सोडली. आवाज वर, मी खाली. झरोक्यातून खाली यायचा तेवढा आवाज मला पुरंल, असा हिशोब. अशी सोय मोठ्या शहरात बी कुणी केली नसंल.

धोंड्याच्या दिवशी सकाळी जावई अन् व्यंकटराव यष्टीनं उतरले. गावानं बघितलं. इकडं लाईट आली तसा मी कामाला लागलो. राहिला होता फक्त पंगतीचा भाग. लग्नात दिनकररावांनी स्वतः माईक हातात घेतला होता. मोठ्या थाटात बोलले होते.

“समस्त गावकऱ्यांना दिनकररावाचा रामराम. आज माझ्या दारी जावई आलेत. समद्यांना चूलबंद आवतन हाय. कुणी घरी चूल पेटवू नये.”

आमच्याकडं चूलबंद आवतन म्हणजे घरातलं म्हातारं-कोतारं, तान्हं लेकरू, समद्यांनी जेवायला यायचं. त्या दिवशी घरी चूल पेटली तर आवतन देणाऱ्याची बेज्जती.

मला हे बोलणं संपलं की लगेच पंगत जोडायची होती. पर बटण दाबायला कधी उशीर व्हायचा, कधी घाई. कॅसेट मागं घ्यायची, पुन्हा रामराम, पुन्हा जावई, पुन्हा चूल. खाली नीट ऐकू येईना म्हणून आवाज वाढवत गेलो. अखेर जोड असा बसला की काय सांगू! स्वतःवरच खूश होऊन बसलो होतो, तेवढ्यात मनकर्णा आत आली. नवं लुगडं, हातात तांब्या.

“उठा. चूल विझवलीय. बिचारे सकाळधरनं बोलवायलेत, गळा बसंल त्यांचा.”

“कुणाचा?” मी विचारलं.

“दिनकररावांचा. आवतन द्यावं तर असं.”

मी झरोक्यातून वर गेलेल्या वायरीकडं बघितलं. तसाच अनवाणी पळत सुटलो.

दिनकररावांच्या दारात अख्खं ताडकळस आपापले पाण्याचे तांबे घेऊन पंगत धरून बसलं होतं! एवढ्या आग्रहाचं आवतन जन्मात ऐकलं न्हाई, असं आश्रुबा म्हातारा व्यंकटरावांना कौतुकानं सांगत होता. आत सुमनबाई, म्हणजे दिनकररावांची मालकीण, घरापुरत्या धोंड्यांची दुरडी कवटाळून उभ्या होत्या. मी दिनकररावांना बाजूला घेतलं अन् खरं काय ते सांगितलं. आता हे मला मारणार, असं वाटलं. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू.

“मी जाऊन सांगतो काका, कॅसेट होती म्हणून,” मी म्हणलो.

“अन् समद्यांच्या चुली विझल्यात त्याचं काय? आवाज माझा हाय वाल्मीक. व्याह्यासमोर न्हाई कसं म्हणू?” दिनकरराव म्हणले. “जा, कढया आण.”

मग चर खणला, जाळ लावला. वरण-भात, लापशी. मी पाणी ओढलं, लाकडं फोडली, पंगतीवर पंगत वाढली. दिवस कलला तवा शेवटची पंगत उठली. गाव दिनकररावांना दुवा देत घरी गेलं.

मग कॅसेट लागली. हुंदका, मंगलाष्टका, समदं कसं स्वच्छ! आवतनाची जागा आली तसे दिनकरराव स्वतः उठले, खिडकी लावून घेतली अन् टीव्हीचा आवाज पार बंद केला. व्यंकटराव सकाळपासून समदं बघत होते. आता हसू दाबत माझ्याकडं वळले.

“कॅसेट पसंत हाय. आमच्या धाकट्याचं लग्न तुमीच काढा.”

मी दिनकररावांकडं ऐटीत बघितलं. झालं की न्हाई काम?

“फक्त एक करा,” व्यंकटराव म्हणले, “आमची कॅसेट मुकी काढा. आमचं गाव ताडकळसापेक्षा मोठं हाय.”