सगळेच सिंह, एकटी साळू

बाळांनो, चुळबुळ थांबवा आणि ऐका. एका जंगलात वडाच्या ढोलीत एक संगणक होता. तो विंडोजवर चालायचा. पण कारभारी कोल्ह्याला युनिक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीशिवाय काही गोड लागत नसे. म्हणून त्याने विंडोजच्या पाठीवर युनिक्सची झूल चढवणारं एक सॉफ्टवेअर बसवलं. आत बैल तोच, दिसायला नंदी.

या सॉफ्टवेअरला एक खोड होती. ते बसवलं त्या दिवशी जंगलात जे प्राणी होते, तेवढ्यांनाच ते ओळखायचं. नंतर कोणी आलं की विचारायचं, “आपण कोण?” नव्या प्राण्याची ओळख कारभाऱ्याने करून द्यायची असते. कोल्ह्याला त्याचाच कंटाळा.

“सगळ्यांनी महाराजांच्या खात्यातून आत शिरा,” तो म्हणाला. “महाराजांना कोण अडवणार?”

झालं. हरीण सिंह होऊन शिरलं, माकड सिंह होऊन शिरलं, गाढवसुद्धा सिंह होऊन शिरलं. सिंहाला बरं वाटलं. आपण एवढं काम करतो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

साळू नावाची साळिंदरीण नदीकाठच्या बिळात नवी राहायला आली होती. पिल्लं लहान. पाणी चढू लागलं की संगणकाने भोंगा वाजवावा, असा प्रोग्रॅम तिनेही सिंह होऊनच खपून लिहिला. दुसऱ्या दिवशी बघते तर प्रोग्रॅम गायब. माकडाला स्वतःच्या फोटोंसाठी जागा हवी होती. महाराजांची फाईल महाराजांनीच पुसली, मग तक्रार कोणाची करणार?

“कारभारी, मला माझं वेगळं खातं द्या.”

“महाराजांच्या नावात काय कमी आहे हो, साळूबाई?”

“कमी काही नाही. पण पिल्लं माझ्या नावावर आहेत.”

कोल्ह्याने नाक मुरडलं. मग तिच्या काट्यांकडे पाहिलं आणि खातं उघडून दिलं. साळूने प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. एकदा पाणी चढलं, भोंगा वाजला, काठावरचे सगळे टेकडीवर पोचले. कोणी भिजलं नाही, म्हणून कोणी आभारही मानले नाहीत.

पुढे एकदा महाराजांचं वाढदिवसाचं भाषण संगणकातून नाहीसं झालं. दरबार भरला. सकाळी ढोलीत कोण कोण होतं ते कोल्ह्याने संगणकातली नोंद वाचून सांगितलं.

“सिंह, सिंह, सिंह, सिंह आणि साळू.”

“आम्ही आमचंच भाषण पुसू का?” सिंहाने विचारलं.

“छे, छे!” दरबार म्हणाला. माकड सगळ्यात मोठ्याने म्हणालं.

“महाराज, माझ्या खात्यातून तुमच्या फायलीला हातच लावता येत नाही,” साळू कळवळून म्हणाली. “म्हणून तर खाती वेगळी ठेवतात!”

“हिला एवढी माहिती कशी?” गाढवाने विचारलं. हा मुद्दा सर्वांना पटला.

साळूचं खातं बंद झालं. खात्याबरोबर प्रोग्रॅमही बंद झाला.

मग नदी चढली. भोंगा वाजला नाही. साळूने पिल्लं एकेक करून ओढून वर आणली. सगळ्यात धाकटं तेवढं सापडलं नाही. ती काठावर बसून खूप रडली. महाराजांनी शोकसंदेश दिला. तो माकडाने लिहिला होता, म्हणजे महाराजांनीच.

हल्ली भोंगा पुन्हा वाजू लागला आहे. साळू रोज ढोलीत येते. संगणक विचारतो, “आपण कोण?”

साळू काटे अंगालगत मिटून घेते आणि म्हणते, “सिंह.”

तात्पर्य : मुलांनो, प्रत्येकाने आपापल्या नावाने काम करावं. चौकशीत कोणीतरी सापडावं लागतं.