आबा तळवे बघतात

आमचे शेजारी दगडूआबा माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी पाय. कुसगावात कुणीही समोर आलं की रामराम राहिला बाजूला, हुकूम सुटतो, "चप्पल काढ. तळवा दाव." माझ्या बहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी सोडलं नाही. मुलाच्या बापाची भेगाळलेली टाच निरखून म्हणाले, "साकर तपासली का कदी?" तरी लग्न जमलं, हे आमचं नशीब.

आबांना स्वतःला मधुमेह. मागं खाचरात भात कापताना धसकट तळव्यात घुसलं. आमच्याकडे भाताच्या खाचरात चप्पल घालून उतरत नाहीत. भात म्हणजे लक्ष्मी. पाय बधिर झालेला, त्यामुळे दुखलंच नाही. आबा आठवडाभर कापणी करत राहिले आणि शेवटी करंगळी काढावी लागली. "दुकलं आसतं तर वाचलो आसतो," हे त्यांचं पालुपद.

आता तळव्याला पुन्हा जखम झालीय. पायावर भार दिला तर पाऊल जाईल, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण आबा बसतील तर शपथ! ओट्यावरून अंगणात, अंगणातून माझ्या दारात. कुबडी आहे, ती खांद्यावर टाकून चालतात. बूट उपडा करून खडे झटकतात, तेही एका पायावर उभं राहून. यंदा तर झोडणीला खळ्यावर बूट घालून गेले. म्हातारी मंडळी ओरडली, तेव्हा म्हणाले, "येक बोट दिलंय लक्षुमीला. आता बास."

परवा ते पुन्हा लंगडत दारात आले आणि माझं टाळकं सरकलं. "आबा, पाऊल गेल्यावर बसणार आहात का? घरात एका जागी बसवत नाही तुम्हाला?"

आबा पायरीवर टेकले. "बसलं की भ्या वाटतं रं. खाली काय चाललंय, कळत न्हाई. बोट गेल्यावर म्हातारी हुती तवर ती रोज तळवा बघायची. आता आरसा धरतो, तर डोळ्यांनी धड दिसत न्हाई. कुनाला म्हनू, माजा पाय बघ म्हून? म्हून दुसऱ्याचे बघत हिंडतो. वाटतं, येकादा म्हनंल, आबा, तुमचा दावा."

गावात एकालाही ते सुचलं नव्हतं. मी हात धुऊन आलो, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी सोडली. जखम लाल होती, स्वच्छ होती. पू नाही, काळं काही नाही. तसं त्यांना सांगितलं.

"हात लावलायस का?" आबांनी विचारलं.

"हो. टाच धरलीय."

"मंग धर जरा येळ."