एका चिन्हाला दोन मंजुऱ्या

मला विचाराल तर नियम करावेत ते मीच! शाळांच्या घंटा आपोआप वाजवणारा एक प्रोग्रॅम मी लिहिलाय. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्या जगाला उघडा. कुणीही फुकट वापरा, कुणीही दुरुस्ती सुचवा! आता सगळं जग हात घालणार म्हटल्यावर शिस्त नको? म्हणून मी नऊ कलमांचं धोरण लिहिलं. स्वल्पविराम जरी बदलायचा तरी दोन रिव्ह्यूअरांनी तपासून मंजुरी द्यायची. मंजुरीनंतर कोडमध्ये एक अक्षर जरी हललं, तरी आधीच्या मंजुऱ्या रद्द! आणि हे सगळं मलाही लागू. लिहून झाल्यावर मी ते तीनदा वाचलं, इतकं मला आवडलं.

रिव्ह्यूअर दोनच. दोघांनाही मी कधी पाहिलेलं नाही. एकाच्या फोटोत नुसती दाढी दिसते, दुसऱ्याने फोटो म्हणून कासव लावलंय. दाढीवाले झोपले की कासव उठतो, इतके ते एकमेकांपासून लांब राहतात.

बायको यंदाच मुख्याध्यापिका झाली, तेव्हा तिच्या शाळेत मी माझाच प्रोग्रॅम बसवला. जुनी घंटा भंगारात द्यायला लावली. कुणी मध्येच लुडबुड करू नये म्हणून शाळेचा संगणक फक्त मंजूर झालेलाच कोड घेईल, अशी पक्की सोयही केली. माझाही हात त्यात जाणार नाही!

मग गेल्या महिन्यात परीक्षांच्या वेळापत्रकासाठी मी दोन हजार ओळी नव्याने लिहिल्या. दाढीवाल्यांनी दोन मिनिटांत मंजूर केल्या, कासवाने तीन. दोघांचा शेरा एकच: "छान दिसतंय!"

शुक्रवारी दुपारी बायकोचा फोन आला.

"अहो, परीक्षेच्या घंटेची चाचणी घेतली. तीन तासांचा पेपर तुमची घंटा दोन तासांत संपवतेय!"

"अशक्य!"

"अकराला सुरू, एकला टोल. सोमवारी पेपर आहे. मी घंटाच बंद ठेवते, आम्ही आपापली घड्याळं बघू."

मी कोड उघडला. मोजणीत एक चिन्ह राहून गेलं होतं, त्यामुळे शेवटचा तास मोजलाच जात नव्हता.

"छे छे! बावीस वर्ग, बावीस घड्याळं, बावीस वेळा! घंटा चालूच ठेव. एका चिन्हाचं काम, चहा निवायच्या आत करतो!"

"नक्की? माझं पहिलं वर्ष आहे हो."

"माझा शब्द!"

चहा निवला, त्यावर साय धरली. तेव्हा कुठे कासवाने लिहिलं, "चिन्ह बरोबर आहे. पण त्या ओळीत मोजणीला दिलेलं 'तास' हे नाव मोघम वाटतं. 'एकूण तास' करा." दोन हजार ओळी घशाखाली घालताना या माणसाला ठसका लागला नव्हता! निमूटपणे नाव बदललं. कासवाने मंजुरी दिली.

शनिवारी दाढीवाले उठले. "'एकूण तास' फार लांबलचक होतंय. 'तास'च बरं होतं." बदललं. दाढीवाल्यांची मंजुरी आली, पण अक्षरं हलली म्हणून कासवाची गेली!

"कासवभाऊ, पाया पडतो, बायकोची इज्जत पणाला लागलीय!" मी लिहिलं.

"चर्चेत घरगुती कारणं आणू नयेत. कलम आठ."

आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. रविवारी मी 'कालावधी' असं तिसरंच नाव काढलं. दोघं खूश! कासवाने मंजुरी दिली. दाढीवाले म्हणाले, "उत्तम! फक्त ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा राहिलीय, तेवढी काढा." काढली. दाढीवाल्यांची मंजुरी आली, कासवाची पुन्हा गेली, आणि कासव तोवर झोपला होता. शेवटी धोरणच बदलावं म्हटलं, तर धोरण बदलायलाही दोन मंजुऱ्या लागतात. कलम नऊ!

संध्याकाळी बायकोने विचारलं, "झालं?"

"एक मंजुरी आलीय."

"सकाळीही एकच होती ना?"

"सकाळची कासवाची होती. ही दाढीवाल्यांची."

"मग बंद ठेवू का घंटा?"

"अगं नको! कासव उठेल ना."

कासव उठला नाही. सोमवारी एकच्या ठोक्याला टोल पडला. बायको व्हरांड्यातून ओरडत धावली, "बसा! लिहा! कुणी पेपर गोळा करू नका!" तोवर सहा वर्गांचे गठ्ठे बांधून झाले होते. मुलं रडायला लागली, पालक फाटकाशी जमले. एक वीसला कासवाची मंजुरी आली. "छान दिसतंय! एवढी घाई करत जाऊ नका."

संस्थेच्या समितीने बायकोला जाब विचारला. दुरुस्तीला उशीर का झाला ते समजावं म्हणून बिचारीने माझं धोरण जोडून दिलं. परत आली ती पडलेल्या चेहऱ्यानेच.

"काय म्हणाले?"

"धोरण फार आवडलं त्यांना."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"मलाच लागू केलं! आता शाळेत साधी नोटीस लावायची तरी दोन सह्या हव्यात. एक अध्यक्षांची. आणि दुसरी... असं धोरण लिहिणारा माणूस समितीवर हवाच, म्हणून दुसरी तुमची!"

तिने पिशवीतून फेरपरीक्षेची नोटीस काढली. अध्यक्षांची सही झालेली होती. सहा वर्गांची मुलं त्या कागदावर अडली होती. माझ्यासमोर पेन ठेवून ती म्हणाली, "करा."

मी पेन उचललं. टोपण काढलं. आणि हळूच परत लावलं.

"अगं, कलम सात... नातेवाइकाचं काम मंजूर करता येत नाही."

सध्या माझा मुक्काम थोरल्या बहिणीकडे आहे. मला ठेवून घ्यायला ताईची मंजुरी मिळाली आहे. भाऊजींची यायची आहे.