तोरणाखालची रिकामी जागा

'हाल्ट' म्हटलं की थांबणारी बैलजोडी अख्ख्या केनवडात एकच होती, आमच्या शेजारच्या रामजी हवालदारांची. बाकीच्यांचे बैल थांबत ते मनात आलं तर. हवालदारांचे बैल वखर ओढतानासुद्धा 'कदम मिलाके' चालतात, असं खुद्द हवालदारांचं म्हणणं होतं, आणि त्यांच्याशी वाद घालायची गावात कोणाची छाती नव्हती.

मोठ्या लढाईत ते पलटणीबरोबर पार इराकात, बसऱ्याला जाऊन आले होते. अंगातला खाकी कोट विटून मातीच्या रंगाचा झाला होता, पण पितळी गुंड्या राखेनं घासून लख्ख. दारात उभं राहून कोणी हाक मारली की आतून आवाज यायचा, "कोन हाये? नाव, गाव, काम." मी भिंतीपलीकडचा माणूस, रोज ताक मागायला जायचो, तरी मला ते कधी चुकलं नाही.

पोळ्याला तर त्यांच्या अंगातच यायचं. मारुतीपुढं तोरणाखाली साऱ्या गावच्या जोड्या रांगेनं उभ्या राहत, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. हवालदार काखेत छडी मारून रांगेपुढून फिरत. "लैन सीदी. बापूराव, तुमचा पवळ्या पुढं सरकून राह्यला. मांगं घ्या." बैल ऐकोत न ऐकोत, मालक मात्र पोटं आत घेऊन ताठ होत. आम्हाला काय मजा यायची म्हणून सांगू.

एक गोष्ट मात्र कोणाला उमगत नसे. स्वतःच्या जोडीशेजारी ते दर पोळ्याला आणखी एका जोडीची जागा मोकळी ठेवत. कारण विचारलं की म्हणत, "हुकूम हाये." लढाईत डोकं फिरलं, असं म्हणून लोक सोडून देत.

एका वर्षी पाटलांनी नवी जोडी घेतली. अशी देखणी की नजर हटू नये. ती त्यांनी सरळ त्या मोकळ्या जागेत घातली. हवालदार आडवे आले.

"इथं नाई."

"काहून नाई? रांग तुमच्या बापाची हाये का?"

वाजंत्री थांबली. आता छडी उठते की काय, म्हणून मी तर टाचा उंचावून बघत होतो. छडी उठली नाही. हवालदार खाली बघत म्हणाले, "किसनाची जागा हाये, पाटील. आमी संगंच गेलतो. जीव जाता जाता मले म्हने, पोळ्याले माही जागा धरून ठेव."

किसना बसऱ्याहून परत आला नव्हता. मागं त्याच्या घरी जोडी राहिली नाही, म्हणून रांगेतली जागाही गेली, असं गावानं धरलं होतं.

तेवढ्यात किसनाची म्हातारी आई, गंगाबाई, गर्दीतून पुढं आली. बाया तोरणाखाली येत नसत. ती आली आणि त्या जागेत जाऊन उभी राहिली.

"बैल नाई माह्यापाशी. मी उभी राह्यली तं चालन का रे, रामजी?"

पाटलांनी स्वतःच्या हातानं आपली जोडी मागं घेतली. हवालदारांनी टाचा जुळवून म्हातारीला कडक सलाम ठोकला. मग 'लैन सीदी' न म्हणताच छडी काखेत मारून आपल्या जोडीपाशी ताठ उभे राहिले.

तोरण तुटलं, ढोल कडाडले, जोड्या पूजेला आपापल्या घरी पळाल्या. हवालदारांनी आपली जोडी वळवली ती गंगाबाईच्या घराकडं. म्हातारी लगबगीनं पुढं जाऊन दिवा लावत होती. दारात घुंगरं वाजली तशी आतून तिनं विचारलं, "कोन हाये?"

"रामजी," हवालदार म्हणाले. "केनवड."

काम काही त्यांना सांगता आलं नाही. गंगाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि बैलांचे पाय धुवायला खाली बसली.