वामनकाका आणि भोक पाडलेली शिवराई

वामनकाका नाणं आधी चाटायचे, मग बघायचे.

जुन्नरच्या पेठेत माझ्या वह्यापुस्तकांच्या दुकानाला लागूनच त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. गोष्ट नव्वदनंतरची. गिऱ्हाईक घड्याळ न्यायला यावं, तर काका डोळ्याला भिंग लावून शिवराईत, म्हणजे शिवकाळातल्या तांब्याच्या नाण्यात, बुडालेले. गिऱ्हाईक तडकलं की म्हणायचे, "थांबा की राव! घड्याळ बंदच हाय, मग येळ कुठं जातोय?"

मंचरच्या एका माणसानं एकदा त्यांच्या गळ्यात साच्यात ओतलेलं खोटं नाणं मारलं. तेव्हापासून सख्ख्या भावाच्या हातचं नाणंही ते चाटल्याशिवाय घेत नसत. "खोट्याला ॲसिडची चव ऱ्हाती," हे त्यांचं शास्त्र. मीही एकदा दोन नाणी चाटून पाहिली. सारखीच लागली.

"तंबाखू खाता तुमी. जीभ मेलीया तुमची," काका म्हणाले.

एका रविवारी, बाजाराच्या दिवशी, येडगावच्या हौसाबाई आल्या. भाजीची पाटी पायरीशी ठेवून त्यांनी पदराच्या गाठीतून एक शिवराई काढली. कड तुटलेली, वरच्या अंगाला भोक. काकांनी ती चाटली, फरशीवर टाकून आवाज ऐकला, भिंगाखाली फिरवली. मग पुन्हा चाटली. मग त्यांनी मला हाक मारली.

"भाऊ, ह्ये बघा! 'शिव' न्हाई, 'सिव' कोरलंय. आन् ठोकून पाडलेलं, ओतीव न्हाई. लई दुर्मिळ!" मग बाईंकडे वळून कळवळले, "पण ह्ये भोक कुणी पाडलं वो? वाटोळं केलं की!"

"मालकांनी," हौसाबाई म्हणाल्या. "लेकीच्या गळ्यात बांधायला. दोन वर्साची हुन गेली ती."

काकांनी भिंग काढलं. "मग इकता कशापायी?"

"पोरगा ऱ्हातो पुण्याला. माझ्यामागं भंगारात घालंल. तुमच्यापाशी नीट ऱ्हाईल, असं कळलं."

काकांनी घासाघीस न करता नाणं घेतल्याचं मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

पुढच्या रविवारी भाजी विकून हौसाबाई पुन्हा दारात. "जरा बघू का?" काकांनी शिवराई त्यांच्या तळहातावर ठेवली आणि चहा सांगितला. मग तो रिवाजच पडला. दोघं फारसं बोलत नसत. पण रविवारी काकांच्या अंगात इस्त्रीचा सदरा दिसू लागला आणि स्टुलावरची धूळ आदल्या दिवशीच पुसली जाऊ लागली. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांना नाणी पुरतात, अशी आमची सगळ्या पेठेची समजूत.

एका पावसाळ्यात हौसाबाई काही रविवार आल्याच नाहीत. भर आठवड्यात दुकान बंद करून, शिवराई खिशात घालून काकांनी येडगावची एसटी धरली. संध्याकाळी परतून त्यांनी दुकान उघडलं, तेव्हा मी त्यांना गाठलं.

"तापानं झोपून व्हती. घरात कुणी न्हाई. आता बरी हाय."

"आणि शिवराई?"

"तिच्या उशाशी ठिवली."

मी चाटच पडलो. "मग परत कधी आणणार?"

"आणायची कशाला?" काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि कुणाचं तरी घड्याळ उघडलं. "मी जाईन की दर रविवारी. बघायला."